मदत हवी आहे: वाइन टेस्टिंगचा सराव मराठवाड्यात राहून कसा करावा?

छत्रपती संभाजीनगरातल्या हॉटेलात कॅप्टन आहे, सोमेलिए (वाइन निवडून सुचवणारा तज्ज्ञ) व्हायचंय. डब्ल्यूएसईटी या वाइन-शिक्षण संस्थेची लेव्हल २ परीक्षा झाली, तिथे फक्त पर्यायी प्रश्न होते. लेव्हल ३ मध्ये मात्र एक व्हाइट, एक रेड लेबल न दाखवता देतात आणि ३० मिनिटांत दोन्हींचं वर्णन लिहायचं असतं.

थिअरी जमतेय. आमच्या हॉटेलच्या वाइन-यादीत नाशिकच्या शेनिन ब्लाँ, शिराझपलीकडे फारसं काही नाही. रिस्लिंग (व्हाइट), नेबिओलो (रेड) या वाइन दुकानांत विचारून झालं. टॅनिन (रेड वाइनमधला तुरटपणा) कळावं म्हणून कडक कोरा चहा तोंडात घोळवतो, आंबटपणासाठी लिंबूपाणी. तेवढ्यावर भागत नाही.

नोकरी सोडता येणार नाही, सुट्टी फक्त सोमवारी. नाशिक-पुण्यात खर्च वाटून टेस्टिंग करणारा, सोमवारी भेटणारा गट आहे का? नसेल, तर कोणत्या चार बाटल्या आधी घेऊ?