मदत हवी आहे: मारहाण सोसलेल्या बहिणीसाठी बायबलमधील वचनाचा आधार

आमच्या ख्रिस्ती मंडळीतील एक बहीण पतीच्या मारहाणीमुळे मुलांसह घराबाहेर पडली आहे. प्रार्थनेला येते तेव्हा मनगटावरचे वळ बाही ओढून झाकते. ती सुरक्षित आहे, वकिलाचा सल्लाही घेतला आहे, म्हणून प्रश्न केवळ वचनाचा आहे. इफिसकरांस पत्र ५:२२ (पत्नींनी पतीच्या अधीन असावे) दाखवून मंडळीचे वडीलजन, म्हणजे पुढारी, तिला परत जायला सांगतात. मी त्याच अध्यायातील २५ वे वचन (पतींनी पत्नीवर प्रीती करावी) आणि कलस्सैकरांस पत्र ३:१९ (तिच्याशी कठोरपणे वागू नये) पुढे केले, तेव्हा पेत्राच्या पहिल्या पत्रातील दुःखसहनाचा दाखला मिळाला, जो २:१८ मध्ये मुळात चाकरांना उद्देशून आहे. तिला घटस्फोट नको, फक्त वेगळे राहायचे आहे. करिंथकरांस पहिले पत्र ७:११ (पत्नी वेगळी झालीच तर तिने पुन्हा लग्न करू नये किंवा पतीशी समेट करावा) याच्या आधारे हे वडीलजनांपुढे कसे मांडावे, आणि समेटाआधी पतीच्या पश्चात्तापाची कोणती फळे पाहावीत?