मुलांचा फोन त्यांच्या नकळत तपासावा का?

निंबोणी

आमचा मुलगा तेरा वर्षांचा, आठवीत आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत जाऊबाईंनी एक अ‍ॅप दाखवलं. ते मुलाच्या फोनमध्ये टाकलं की त्याचे सगळे मेसेज आपल्याला दिसतात आणि त्याला पत्ताही लागत नाही. मी टाकलं. तीन आठवडे रोज रात्री वाचत बसायचे. हाती काय लागलं? क्रिकेट, गृहपाठाचे फोटो आणि गणिताच्या सरांची नक्कल.

मग बॅटरी लवकर उतरते म्हणून तो फोन दुकानात घेऊन गेला आणि दुकानदाराने त्याला ते अ‍ॅप दाखवलं. घरी येऊन ओरडला नाही. फोन माझ्यासमोर ओट्यावर ठेवला आणि आत निघून गेला. दोन दिवस बोलला नाही.

खरा धक्का जानेवारीत बसला. तो मित्राच्या फोनवर दुसरं खातं उघडून गेम खेळत होता. तिथे एका अनोळखी ‘दादा’ने त्याला गेममधला महागडा पोशाख फुकट दिला. मग ‘इथे नको, दुसऱ्या अ‍ॅपवर बोलू’ झालं, मग ‘व्हिडिओ कॉलवर चेहरा दाखव’. मित्र घाबरला, त्याने आपल्या आईला सांगितलं, तिने मला. मी मुलाला विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाला, “तू फोन काढून घेतला असतास.”

या एका वाक्यावर मी महिनाभर विचार करतेय. माझं मत आता पक्कं झालंय: चोरून बघू नये. नियम तोंडावर सांगून लावावेत, आणि ‘काहीही झालं तरी मला सांग, फोन जाणार नाही’ हा शब्द मुलाला द्यावा आणि पाळावा. तुम्हाला काय वाटतं?

रातराणी

अजिबात पटलं नाही. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. मी तिचा फोन बघते, तिला न सांगता बघते आणि पुढेही बघणार. तिच्या वर्गाच्या ग्रुपमध्ये कुणाच्या तरी मोठ्या भावाने रात्री अकराला नको तो व्हिडिओ टाकला होता. तो मी पाहिला म्हणून काढता आला. दुसऱ्यांदा चित्रकलेच्या व्हिडिओखाली एक माणूस तिला ‘घरी एकटी असतेस का’ विचारत होता. तिने सरळ उत्तर दिलं होतं, ‘हो, संध्याकाळी सहापर्यंत’.

तुमच्या मुलाने भीतीपोटी लपवलं. माझ्या मुलीला भीती वाटावी असं काही घडतंय हेच कळलं नव्हतं. ती येऊन सांगणार काय? ती खाली खेळायला जाते तेव्हा आपण गॅलरीतून नजर ठेवतोच ना? त्याला कुणी हेरगिरी म्हणत नाही.

खडूफळा

मी सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. इथली चर्चा ‘मुलाचा फोन’ धरून चाललीय. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांकडे स्वतःचा फोनच नाही. वडिलांचा फोन, वडिलांचंच खातं, त्यातच यूपीआय आणि त्यावरच संध्याकाळी दोन भावंडं. पालकांसाठीच्या नियंत्रणाच्या सोयी मुलाचं खातं वेगळं आहे हे गृहीत धरतात. इथे बापाने दुपारी जे पाहिलं त्याच्यासारखंच संध्याकाळी पोराच्या पुढ्यात येतं.

आमच्याच जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये गावात भोंगा सुरू केला. संध्याकाळी सातला वाजला की दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. मला तो उपक्रम मनापासून आवडतो, कारण त्यात मोठ्यांनाही फोन खाली ठेवावा लागतो. पण भोंगा वेळ सांभाळतो. साडेआठनंतर पोराशी कोण बोलतंय, ते त्याला कळत नाही.

मी पालकसभेत फक्त दोन गोष्टी करून घेतो. एक, प्रत्येक आईच्या हातात फोन देऊन त्याची भाषा मराठी करायची. सेटिंगमधलं ‘परवानगी’, ‘स्थान’, ‘अवरोधित करा’ वाचता आलं की अर्धी भीती जाते. दोन, मुलांसाठी त्याच फोनवर वेगळं खातं. मागच्या सभेत एका आजीने स्वतः खातं बदलून दाखवलं, तेव्हा सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या.

यारातीर

मेलबर्नहून लिहितोय. आमच्याकडे १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खातं ठेवता येत नाही. जबाबदारी कंपन्यांवर आहे, दंड ४.९५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत, मुलांना किंवा पालकांना शिक्षा नाही. ‘सगळ्यांकडे आहे, मलाच नाही’ हे भांडण आमच्या घरातून गेलं. एकट्या आईबापाने एवढ्या मोठ्या कंपन्यांशी झुंजायचं, ही अपेक्षाच मला अन्यायाची वाटते. भारतातही असा कायदा हवा.

पिंपळपान

@यारातीर, तुमच्या कायद्यातून मेसेजिंग अ‍ॅप आणि ऑनलाइन गेम वगळलेत ना? मग निंबोणीताईंच्या मुलाला गाठणारा ‘दादा’ त्यात कुठे अडकला असता?

आपल्याकडेही २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची आणि मुलांना हेरून जाहिराती दाखवायला मनाईची तरतूद आहे. पण खातं उघडताना जन्मसाल कोण टाकतं? आपणच. माझ्या भाचीचं खातं माझ्या मेहुण्यांनी १९९८ साल टाकून उघडलं, ‘नाहीतर उघडतच नाही’ म्हणून. इन्स्टाग्रामवर अठराच्या आतल्यांचं खातं आता आपोआप खाजगी असतं, अनोळखी माणसाला थेट मेसेज करता येत नाही आणि सोळाच्या आतल्याला हे सैल करायला पालकांची परवानगी लागते. १९९८ सालच्या ‘बाई’ला यातलं काहीच लागू होत नाही. कायदा मागण्याआधी आज रात्री घरातली जन्मसालं तपासा. हे मी हात जोडून सांगतोय.

यारातीर

गेम सुटलेत हे खरं आहे, आणि मलाही ते खुपतं. पण एक दार बंद झालं म्हणून दुसरं उघडं राहिलं, तर पहिलं परत उघडायचं का?

देवराई

गेली काही वर्षं मी अशा कुटुंबांसोबत समुपदेशक म्हणून बसते. बघावं की नाही यावर घरोघरी वेगळं उत्तर असेल. मला मुलाला ऑनलाइन कुणी फसवतंय, धमकावतंय हे सापडल्यानंतरच्या पहिल्या तासाबद्दल बोलायचंय, कारण तिथे फार चुका होतात.

फक्त मुलीच नाही, मुलगेही या जाळ्यात सापडतात. मुलीच्या नावाचं खातं येतं, चार गोड मेसेज होतात, कॉलवर कपडे काढायला लावतात, ते रेकॉर्ड होतं. मग ‘पैसे टाक, नाहीतर तुझ्या सगळ्या मित्रांना पाठवतो’. पैसे देऊ नका, एकदा दिले की मागणी थांबत नाही. चॅट पुसू नका. बाप रागाने सगळं डिलीट करतो आणि पुरावा जातो. खात्याचं नाव, क्रमांक, यूपीआय आयडी यांचे स्क्रीनशॉट घ्या, मग ब्लॉक करा. पण मुलाचा नग्न फोटो ‘पुरावा’ म्हणून काकाला, शाळेच्या ग्रुपवर, कुणालाही पाठवू नका. मुलांचं असं चित्र पुढे पाठवणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हा आहे.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मुलासाठी मदत हवी तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन, दिवसरात्र. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी वेगळी तक्रार करता येते. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा मुलगा-मुलगी दोघांना सारखाच लागू आहे. आणि मुलांचे असे फोटो इंटरनेटवरून काढायला मदत करणारी ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा बघून ठेवा. फोटो तुमच्या फोनमध्येच राहतो, त्याचा फक्त एक सांकेतिक ठसा तयार होऊन सहभागी कंपन्यांकडे जातो आणि त्या आपल्याकडची ती प्रत शोधून काढतात.

या सगळ्याआधी, मूल समोर उभं असेल तर पहिलं वाक्य ‘तू असं का केलंस’ हे नको. एक मुलगा मला म्हणाला होता, धमकी देणाऱ्यापेक्षा बाबांच्या चपलांचा आवाज ऐकून जास्त भीती वाटत होती.

रातराणी

देवराईताई, १०९८ लिहून ठेवला. पण मी बघणं सोडणार नाही. फार तर तिला सांगून बघेन. ‘सहापर्यंत एकटी असते’ हे वाक्य मी आजही विसरू शकत नाही.

निंबोणी

@रातराणी, अकरा आणि तेरामध्ये फरक आहे, हे मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. तुमच्या जागी मीही बघितलं असतं. मात्र सांगून, समोर बसवून.

पिंपळपान यांचं वाचून काल रात्री मुलाला विचारलं. गेममधलं जन्मसाल २००१ निघालं, त्याच्या बाबांनीच टाकलेलं. ते त्याला सोबत घेऊन बदललं आणि चॅट फक्त मित्रांपुरतं केलं. मग मित्रांची यादी उघडली. सेहेचाळीस नावं. ‘यातल्या कुणाला प्रत्यक्ष भेटलायस?’ म्हटल्यावर नऊ निघाले. एकतीस त्याने स्वतःच काढून टाकले, मी बोटही लावलं नाही. उरलेल्या सहांबद्दल म्हणाला, “विचार करून सांगतो.” आज शाळेतून आल्यावर चपला काढता काढता त्यातल्या एकाचं सांगायला लागला.