बोर्डो मिश्रण एका मिनिटात: रील बघून शेती शिकता येते का?

संत्राबाग
रील बघून शेती शिकता येत नाही, हे या महिन्यात मी तिसऱ्यांदा ऐकलं, म्हणून हा धागा काढतोय. माझं मत उलट आहे.

झाडांवरच्या बुरशीसाठी फवारतात त्या बोर्डो मिश्रणाचंच घ्या. १ टक्का द्रावणाला १ किलो मोरचूद (तांब्याचा निळा क्षार), १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी, हे आमच्याकडे पोरासोरांनाही पाठ असतं. तयार द्रावणात विळा बुडवायचा, पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, हेही मी पत्रकांत कितीदा तरी वाचलं होतं. पण करून कधी बघितलं नाही, कारण आमचा विळा मुळातच गंजलेला. गंज कुठला आणि तांबं कुठलं, हे कळणार कसं?

गेल्या पावसाळ्याआधी एका व्हिडिओत एका बाईंनी विळा आधी विटेवर घासून चकचकीत केला, मग द्रावणात धरला. बाहेर काढला तर पात्याला नुकत्याच घासलेल्या तांब्यासारखा रंग आलेला. त्यांनी चुन्याची निवळी थोडी थोडी ओतली, विळा पुन्हा घासून बुडवला, आता पातं स्वच्छ. वीस वर्षं बाग करतोय, ही परीक्षा मला त्या एका मिनिटात समजली. हाताचं काम डोळ्यांनीच शिकायचं असतं, वडिलांच्या मागे उभं राहून शिकलो तेही तसंच.

पानगळ
भाऊ, असाच एक व्हिडिओ बघून मी आंबिया बहाराची नवती, म्हणजे कोवळी पालवी, करपवून घेतली आहे. त्यात १ किलो चुना सांगितला, मी १ किलो घेतला, पण वर्षभर उघड्या पडलेल्या पोत्यातला. हवा लागून त्याचा जोर गेलेला होता. तांबं मोकळं राहिलं आणि तिसऱ्या दिवशी कोवळी पानं कडेनं तपकिरी. 'चुना ताजा घ्या' हे तीन शब्द त्या व्हिडिओत नव्हते. विळ्याची परीक्षाही नव्हती.

संत्राबाग
वाईट वाटलं वाचून. पण जुना चुना वापरून नुकसान झालेले लोक रीलच्या आधीही होते. दोष चुन्याचा आहे.

पानगळ
दोष कापाकापीचा आहे. वेळेत बसवायचं म्हणून पहिली कात्री सावधगिरीच्या वाक्यावर चालते, कारण ते वाक्य दिसायला चांगलं नसतं. मोरचुदात पानं करपली, निभावलं. पण कीटकनाशकांचं काय? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. त्या आठवणीनं मला आजही झोप लागत नाही. आणि आज मी बघतो, तीन औषधं एकाच पंपात ओतून 'रिझल्ट बघा' म्हणणारे व्हिडिओ. ना हातमोजे, ना तोंडाला फडकं. औषध किती विषारी ते सांगणाऱ्या डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग लाल आहे की पिवळा, हेही दाखवत नाहीत. याला शिक्षण म्हणू नका.

कपाशीची_ओळ
दोघांचं वाचलं. मी वेगळ्या जागेवरून बोलते.

आमच्या गावात शेतीशाळा भरते ती सकाळी, आणि तेव्हा आम्ही बाया निंदणाला असतो. बैठकीला पुरुष जातात, ऐकलेलं घरी येईपर्यंत अर्धं होतं. मला डोमकळी माहीत नव्हती. कपाशीचं फूल नीट उमलत नाही, पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या राहतात. अशी फुलं मी कितीतरी हंगाम ओळीनं बघत गेले, मला वाटायचं उशिरा उमलतील. रात्री मुलीच्या मोबाइलवर एक व्हिडिओ लागला. एका हातानं पाकळ्या सोडवल्या, आत गुलाबी बोंडअळीची बारीक अळी. मी तो आठ-दहा वेळा मागे नेऊन बघितला. दुसऱ्या दिवशी माझ्या ओळीत अकरा डोमकळ्या निघाल्या. तोडल्या, चुरगाळल्या, बांधाबाहेर जाळल्या. सोबतच्या चार बायांना तिथंच दाखवलं.

पानगळ दादा, तुमचं म्हणणंही खरं आहे. फवारणी कधी करायची ते त्यात नव्हतं. ते मी कृषी विज्ञान केंद्रात विचारलं: कामगंध सापळ्यात (मादीच्या वासानं नर पतंग ओढून धरणारा) सलग ३ रात्री रोज ८ पतंग सापडले तर. पण विचारायला गेले ती आधी अळी डोळ्यांनी बघितली म्हणून. अकोला, परभणी, राहुरी, दापोली, चार कृषी विद्यापीठं आहेत आपल्याकडे. त्यांच्या माणसांनी आमच्या वेळेला, आमच्या भाषेत असे व्हिडिओ भरभरून करावेत, हे माझं मागणं आहे.

फळा_आणि_खडू
शिक्षक म्हणून एकच मुद्दा. बघितलेलं कळलं असं वाटणं आणि येणं, यांत फार अंतर असतं. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा परत परत वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. आठवड्यानं आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त लक्षात होतं. भरवसा मात्र परत वाचणाऱ्यांना जास्त होता. रील आपल्याला आठवायला वेळच देत नाही, बोट सरकलं की पुढचं. ताईंना आलं, कारण त्या सकाळी ओळीत उतरल्या. न उतरणाऱ्यांचं काय, ही माझी काळजी आहे.

पानगळ
ताई, तुमच्या डोमकळीपुढे माझ्याकडे उत्तर नाही. ओळखायला शिकवणारे व्हिडिओ हवेतच. माझा विरोध मात्रा सांगणाऱ्यांना आहे आणि तो राहील.

संत्राबाग
ओळख आणि मात्रा हा फरक मी केला नव्हता, मान्य. यूट्यूब शॉर्ट्स २०२० मध्ये आपल्या देशातच आधी सुरू झालं, तेव्हा फार तर एक मिनिटाचा व्हिडिओ चालायचा. ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटं चालतात, म्हणजे सावधगिरीचं वाक्य कापायचं कारण उरलेलं नाही. पावसाळ्याआधी खोडांना बोर्डो पेस्ट (याच मिश्रणाचा घट्ट लेप) लावताना मी स्वतः एक करतो. पोतं फोडण्यापासून दाखवीन. चुन्यावर पाणी टाकल्यावर तो फसफसून तापला तरच घ्यायचा, हे पहिलं.

पानगळ
प्लास्टिकचा ड्रम घ्या, लोखंडी नको, आणि तोही दाखवा. दोन्ही द्रावणं वेगळी करून तिसऱ्यात एकदम ओतताना कॅमेरा जवळ धरा. टाकण्याआधी मला पाठवा, काय राहिलं ते सांगतो.