डोळ्यांखाली लिंबू नको
एका ताईंनी लेकीच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांवर उपाय विचारला, त्यावर कोणीतरी लिंबाचा रस आणि बटाट्याच्या चकत्या सुचवल्या आहेत. गार चकत्यांनी सूज थोडा वेळ उतरते, त्यात वावगं काही नाही. पण लिंबू कृपा करून नको. पापणीची कातडी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. आम्लाने ती चुरचुरते, लाल होते, आणि आपल्या सावळ्या त्वचेवर दाह ओसरला तरी डाग मागे राहतो, कधी आधीपेक्षा गडद.

मला त्याहून जास्त काळजी वाटते ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोरेपणाच्या मलमांची. त्यांतल्या कित्येकांत स्टेरॉइड, म्हणजे दाह दाबणारं औषध, असतं. डोळ्यांभोवती ते महिनोन्‌महिने लावलं तर कातडी आणखी पातळ होते, डोळ्यातला दाब वाढून काचबिंदूही होऊ शकतो. घरात कोणी लावत असेल तर ट्यूबवरची औषधांची नावं आजच वाचा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

ताई, तुम्ही लिहिलंय की लेक सतत डोळे चोळते. मग वर्तुळांचं मूळ बहुधा त्या चोळण्यातच आहे, आणि चोळण्यामागे बहुतेक ॲलर्जी. ॲलर्जीची खाज थांबल्याशिवाय कुठलंही क्रीम लागू पडायचं नाही, तेव्हा आधी नेत्रतज्ज्ञांकडे न्या. तोवर मिटलेल्या डोळ्यांवर गार पाण्याची घडी ठेवा, आणि काजळ लावत असेल तर ते रात्री न घासता, हलक्या हाताने पुसायचं.