मदत हवी आहे: बुद्धिबळातली शिरोवची उंट-एच३ ही खेळी इंजिनला (खेळ्या शोधणाऱ्या प्रोग्रॅमला) का सापडत नाही?

लिनारेस स्पर्धा १९९८, टोपालोव (पांढरा) वि. शिरोव (काळा), काळ्याची ४७वी खेळी.
पांढरा: राजा जी१, उंट सी३, प्यादी जी२, एच४.
काळा: राजा ई६, उंट एफ५, प्यादी ए४, डी५, एफ६, जी६.

शिरोवनं उंट एच३ वर देऊन डाव जिंकला. ब्राउझरमधल्या इंजिनाच्या पहिल्या तीन पर्यायांत ही खेळी येतच नाही. सेटिंग चुकतंय का?

प्रतिसाद १
आधी खेळीचं मर्म बघा. दोघांचे उंट विरुद्ध रंगांच्या घरांवरचे, म्हणून दोन प्यादी जास्त असूनही बरोबरीचा धोका. काळ्या राजाला ई४ गाठायचंय आणि वाटेतलं एफ५ त्याच्याच उंटानं अडवलंय. उंट ई४ वर नेला तर जी२ वर मारा होतो, पण राजाचं घर जातं आणि पांढरा राजा एफ२-ई३ करत आडवा येतो. एच३ वरून मारा तोच, शिवाय दोन्ही घरं मोकळी. फार सुंदर खेळी आहे ही!

इंजिन सगळ्या खेळ्या सारख्या खोलीपर्यंत (म्हणजे तितक्याच खेळ्या पुढपर्यंत) तपासत नाही. प्याद्याच्या तोंडी उंट देणारी खेळी क्रमवारीत तळाशी जाते, तिथला शोध आखूड होतो. फायदा मात्र ए आणि डी ची प्यादी धावू लागल्यावरच दिसतो.

प्रतिसाद २
संगणकावर स्टॉकफिश हे इंजिन घ्या. हॅश (तपासलेल्या स्थिती लक्षात ठेवणारी मेमरी) २ जीबी, थ्रेड (एकाच वेळी चालणारे शोध) प्रोसेसरच्या प्रत्यक्ष कोरइतके. इथे काळ्याच्या वैध खेळ्या १३च, त्यामुळे मल्टिपीव्ही (किती पर्याय दाखवायचे ते सेटिंग) १३ ठेवलं तर एकही सुटत नाही. खोली मात्र सावकाश वाढते.

त्याहून चांगलं, उंट एच३ नंतर या खेळ्या पटावर पुढे खेळवा: ४८ प्यादं मारून एच३, राजा एफ५, ४९ राजा एफ२, राजा ई४, ५० उंट मारून एफ६, डी४. इथे दोन-तीन मिनिटं चालू द्या, मग एकेक खेळी मागे या. हॅश पुसू नका, सगळी मदार त्यावरच आहे.

मूळ स्थितीत १० मोहरे, त्यामुळे सिझिजी टेबलबेस (थोड्या मोहऱ्यांच्या स्थितींचे आधीच काढलेले निकाल) थेट लागू नाही. पण डी४ वर उंटानं प्यादं मारलं आणि राजानं उंट मारला की ६ उरतात, तिथे ६ मोहऱ्यांचा संच (साधारण १५० जीबी) अचूक निकाल देतो.

प्रश्नकर्ता
४८ राजा एफ२ खेळला तर?

प्रतिसाद १
राजा एफ५. ४९ राजा एफ३ ला उंट जी२ वर मारून शह, राजानं मारला की राजा ई४. उंट जातोच, घर मिळतं.