इटालियन घरातलं रविवारचं जेवण: तुमच्याकडे कसं होतं?

बोलोन्याची_सून:
नवरा इथलाच, बोलोन्याचा, आणि रविवारचा प्रान्झो, म्हणजे दुपारचं मोठं जेवण, आता सासूबाईंकडून आमच्याकडे आलंय. आलंय म्हणजे जागा आमची, हुकूम अजून त्यांचाच. सकाळी त्या स्वतःचं लांब लाटणं घेऊन येतात (आमच्या लाटण्याला त्या हातही लावत नाहीत) आणि शंभर ग्रॅम मैद्याला एक अंडं, मीठ नाही पाणी नाही, असं पीठ मळून अर्धा तास झाकून ठेवतात. मग ओट्याच्या कडेवरून खाली लोंबेल एवढी मोठी पोळी लाटायची, थोडी वाळू द्यायची, अळूवडीसारखी गुंडाळी करायची आणि सुरीने पट्ट्या कापायच्या. या पट्ट्या म्हणजेच ताल्यातेल्ले पास्ता, त्याची रुंदी शिजल्यावर ८ मिलिमीटर हवी असं इथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये १९७२ साली रीतसर नोंदवलंय, तिथे सोन्याचा नमुनासुद्धा ठेवलाय! रागूची, म्हणजे पास्त्यावरच्या मांसाच्या सॉसची, कृती १९८२ ला नोंदवली आणि २०२३ मध्ये पुन्हा सुधारली. कांदा, गाजर, सेलरी बारीक चिरून परतायचं, मग मांस, वाइन, टोमॅटो, आणि लसूण अजिबात नाही. मी पहिल्यांदा लसूण सोलायला घेतला तेव्हा सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त वाटी उचलून फ्रिजमध्ये ठेवून दिली.

मला सगळ्यात जड गेलं ते वाढणं. आपल्याकडे डावी-उजवी बाजू भरून ताट एकदम समोर येतं, इथे आधी अँटिपास्तो (सुरुवातीचं थोडं खाणं), मग प्रिमो (पास्ता किंवा भात), ताटल्या उचला, मग सेकोंदो (मांस किंवा मासे) आणि सोबत भाजी, मग फळं, गोड, कॉफी. यजमानीण बसते कधी हा माझा खरा प्रश्न आहे, तर तुम्ही कसं जमवता ते लिहा.

नेपल्सवाला:
ताई, आमच्याकडे उत्तर सोपंय, सगळं आदल्या दिवशी. इथला रागू वेगळा, खिमा नाही, मांसाचे मोठे तुकडे टोमॅटोत, शनिवारी संध्याकाळीच चढवतात आणि आच इतकी बारीक की मधूनच एखादा बुडबुडा येतो. रविवारी त्याच पातेल्यातून दोन कोर्स निघतात, रस पास्त्याला आणि तुकडे नंतर सेकोंदोला. पास्ता म्हणजे झिती, लांब पोकळ नळ्या, त्या हाताने मोडायच्या, आणि ते काम टेबलाभोवती बसून पाहुण्यांनीच करायचं असतं, गप्पा मारत मारत. मोडताना पडलेला चुराही टाकत नाहीत, तोही पाण्यात जातो. आणि शेवटी ताटलीतला रस पावाने पुसून खातात, घरात ते चालतंच, न पुसता उठलात तर आवडलं नाही का म्हणून विचारतील.

शाकाहारी_मिलानकर:
आम्ही दोघं शाकाहारी, अंडं चालतं पण मांस नाही. शेजारच्या आजी-आजोबांना बोलवायचं ठरवलं तर पहिली पंचाईत चीजची, कारण पार्मिज्यानो रेज्यानो या चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं द्रव्य, असतं. मग पाकिटावर ‘काल्यो वेजेताले’, म्हणजे वनस्पतीचं रेनेट, शोधत फिरायचं, असं चीज मिळतं, चवीत फरक पडतो पण पाहुणे समजून घेतात. रिझोत्तो, म्हणजे स्टॉकमध्ये शिजवलेला मऊ भात, केला केशराचा, मूळ मिलानी कृतीत हाडाच्या आतला मगज घालतात तो वगळून, भाज्यांच्या स्टॉकवर. रिझोत्तोचं एक आहे, तो माणसांसाठी थांबत नाही, माणसांनी त्याच्यासाठी थांबायचं, म्हणून सगळे खुर्चीत बसल्यावरच शेवटचा पळीभर स्टॉक घालायचा, गॅस बंद करून लोणी आणि चीज फेटायचं आणि लगेच वाढायचं. सेकोंदोला वांग्याची पार्मिज्याना, म्हणजे वांगी, टोमॅटो आणि चीजचे थर लावून भाजलेली, ती आधी करून ठेवता येते, उलट मुरल्यावर जास्त छान. आजोबांनी दोनदा घेतली आणि मग विचारलं, मांस कधी येणार?

तोरीनोत_शिकलेली:
मी कायम पाहुणी, यजमान नाही, पण हे सांगायलाच हवं. रविवारी कोणाकडे जाताना शेवंतीची फुलं नेऊ नका!! घरमालकिणीने मला आधीच बजावलं होतं, इथे शेवंती नोव्हेंबरच्या सुरुवातीला स्मशानात वाहतात. त्यापेक्षा मिठाईच्या दुकानातून छोट्या पेस्ट्रींचा ट्रे न्या, कागदात गुंडाळून रिबिन बांधून देतात. आणि जेवणानंतर कापुचिनो मागू नका, साधी काळी कॉफी, दूध फक्त सकाळी.

पुण्याची_विहीण:
आमच्या विहीणबाई व्हेरोनाजवळच्या, पुण्यात आल्या तेव्हा म्हणाल्या एक दिवस स्वयंपाक माझा. न्योक्की, म्हणजे बटाट्याचे उकडलेले छोटे गोळे, करायच्या होत्या तर भाजीवाल्याकडे त्यांनी बटाटे अक्षरशः दाबून दाबून निवडले, नवा बटाटा नको, जुना पिठूळ हवा, नव्यात पाणी फार आणि मग मैदा ओढतो आणि न्योक्की रबर होतात. सालासकट उकडून गरम असतानाच कुस्करायचा. भाषा एकमेकींची येत नाही, लेकीने थोडं सांगितलं, बाकी सगळं हातवाऱ्यांवर. पेस्तोला, म्हणजे बेझिलच्या पानांच्या चटणीला, आपली तुळस चालेल का असं मी विचारलं तर वास घेऊन जोरात नकारार्थी मान हलवली. शेवटी लोणी आणि सेज नावाच्या सुगंधी वनस्पतीची पानं, एवढंच. आमच्या ह्यांनी वर लोणचं घेतलं, मी बघितलं नाही असं केलं.

बोलोन्याची_सून:
विहीणकाकू, लोणचं 😂 माझे बाबा पण तेच करतात.
नेपल्सवाल्या भाऊ, २४ डिसेंबरचं पण लिहा ना, त्या रात्री मांस नसतं आणि तुमच्याकडे खारवलेला कॉड मासा, बाकाला, हवाच असतो ना? यंदा माझ्याकडे आहे ते जेवण.

मडगावकर:
मी मध्येच बोलतो, आमच्याकडे पोर्तुगीजांमुळे बाकाल्याव माहितीये. जाड मधला तुकडा घ्या, शेपटाकडचा नको, आणि दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये पाण्यात ठेवा, पाणी दिवसातून दोनदा तरी बदला. शिजवायच्या आधी बारीक तुकडा चाखून बघा, खारट लागला तर अजून एक दिवस. आणि सोबतच्या भाजीत मीठ शेवटी घाला.