जिवलग माणूस हॉस्पिसमध्ये जातं तेव्हा... तुमचे अनुभव लिहा

मृण्मयी_प
काल कॉलेजच्या ग्रुपवर आलं, आमच्यातल्या एकीला पुण्यात वारज्याच्या सिप्लाच्या पॅलिएटिव्ह सेंटरला (आजार बरा करण्यापेक्षा त्रास कमी करायची जागा) हलवलंय. खाली धडाधड 'गेट वेल सून'. मला एकदम माझी हॉस्टेलची रूममेट आठवली. ती वांद्र्याला शांती आवेदना सदनात होती. १९८६ मध्ये सुरू झालेलं, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या पेशंटची शेवटपर्यंत देखभाल होते ती जागा. भावाने फोनवर "एका आश्रमात ठेवलंय" एवढंच सांगितलेलं. मी रडायच्या तयारीने गेले, तर बाईसाहेब उशीला टेकून नेलपॉलिश लावून घेतायत! त्याआधी दुखण्यामुळे धड बोलताही येत नव्हतं तिला. तिने मला मेसवाल्या मावशींची नक्कल करायला लावली, दोनदा. घरच्यांचे अनुभव बरेच वाचायला मिळतात. पण आपण नुसते मित्रमैत्रीण असतो तेव्हा नक्की काय करायचं? लिहा.

सुलभा_काकू
मॉर्फिनबद्दल, म्हणजे त्या जबरी वेदनाशामकाबद्दल लिहिते, घाबरतात ते त्यालाच. दुखायची वाट बघायची नाही, डॉक्टरांनी दिलेल्या वेळेला द्यायचं. आणि पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून, नाहीतर त्याचाच वेगळा छळ. आमच्या जाऊबाई "सवय लागेल हो" म्हणून गोळ्या लपवायच्या. कॅन्सर लिव्हरपर्यंत गेलेला आणि काळजी कसली, तर व्यसनाची! थांबा, कुकर झाला.

टवाळ_कोथरूडकर
वारज्याचं सेंटर १९९७ पासून आहे, पैसे घेत नाहीत. हे ऐकून आमचा मित्र म्हणाला, "पुण्यात फुकट? चला परत घरी, काहीतरी गडबड आहे." पेशंटजवळ घरचं माणूस राहतं तिथे. त्याची बायको झोपेवाचून पार पिचली होती. मी जायचो ते तिला अंघोळ-झोप मिळावी म्हणून. बाकी बँकेत नॉमिनीचं काम, पोराची फी, गॅसचा नंबर. त्याच्याशी मृत्यूबित्यूवर एक अक्षर बोललो नाही, क्रिकेटवरून मात्र शेवटपर्यंत भांडलो.

अनघा_न्यूजर्सी
इकडे हॉस्पिस म्हणजे बहुतेकदा घरीच. आजार असाच चालला तर सहा महिने किंवा कमी, असं डॉक्टरांनी लिहून दिलं की मेडिकेअर (इकडचा मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी विमा) खर्च उचलतं. हॉस्पिटलसारखा बेड, ऑक्सिजन घरी येतो. मैत्रिणीच्या फ्रीजमध्ये लोणच्याच्या बरणीशेजारी मॉर्फिनचा डबा होता, मुलांना ताकीद! एक लक्षात ठेवा, नर्स चोवीस तास बसून राहत नाही. येते, बघते, जाते. बाकी सगळं आपणच, आणि रात्री फोन. घाबरून ९११ (इकडचा इमर्जन्सी नंबर) लावायचं नाही, आधी हॉस्पिसचा नंबर.

गुंड्याभाऊ_कुडाळ
मित्राची आई पेज भरवायचा हट्ट सोडेना. सिस्टरने समजावलं, शरीरच भूक बंद करतं, बळेच भरवलं तर ठसका लागून छातीत जाईल. ओठ ओले ठेवा. मग मी कोकम सरबताचा बर्फ केला, खडा फडक्यात धरून ओठांना लावायचो. मिटक्या मारायचा लेकाचा.

रेवा२२
कोकम सरबत डायबेटिसला चालतं का? साखर असते ना

टवाळ_कोथरूडकर
रेवा, तेव्हा साखर कोण मोजतंय 🙂

सिस्टर_नि
नाईट संपवून लिहितेय, चुका माफ. शेवटचे दिवस: झोप वाढते, पाय गार, गुडघ्यांवर जांभळट डाग, श्वास मध्येच थांबतो नि परत चालू होतो. घशातली घरघर ऐकणाऱ्याला जास्त त्रास देते, पेशंटला सहसा नाही. कुशीवर वळवलं की कमी होते. आणि काही जण मध्येच एकदम तरतरीत होतात, खायला मागतात. मग लांबचे नातेवाईक तिकीट रद्द करतात. नका करू! उलट लवकर या.

मृण्मयी_प
अगदी अगदी. तिने इडली मागितली होती. अर्धी खाल्ली, चटणीला नावं ठेवली.

नाव_नको
मला आतच सोडलं नाही. तिच्या घरच्यांनी विचारलं, "आपण कोण?" अकरा वर्षं एकत्र राहत होतो आम्ही, पण कागदावर काहीच नाही. शेवटी एका मावशींनी माझे व्हॉइस मेसेज तिच्या कानाशी लावले. भांड्यांचा आवाज, आमच्या मांजराचा आवाज, असलं काहीबाही पाठवायचे.

अनघा_न्यूजर्सी
नाव_नको, वाचून हातातलं काम थांबलं ग. मांजर आहे ना तुझ्याकडे?

नाव_नको
आहे. जाडी झालीये.

गुंड्याभाऊ_कुडाळ
गोव्यातही शांती आवेदना आहे, लोटलीला. आमच्याकडच्या लोकांना मुंबईपेक्षा जवळ.

रेवा२२
सुलभाकाकू कुठे गेल्या? कुकर फुटला का?

सुलभा_काकू
नाही ग, डाळ करपली. राहिलेलं सांगते. अमली पदार्थांचा कायदा २०१४ मध्ये सैल झाला तरी कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे मॉर्फिन मिळेलच असं नाही. सेंटरमधून किंवा हॉस्पिटलच्या पॅलिएटिव्ह ओपीडीतून आधीच आणून ठेवा. दिवाळीच्या आठवड्यात तर नक्कीच, आमची तेव्हा फार धावपळ झाली होती. आणि रेवा, तुझ्या बाबांची शुगर किती आली?